तो दोष मालिकेचा नव्हता

न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी माझी वही टेबलावर उघडी ठेवली, एका ओळीवर पेन टेकवलं आणि विचारलं, "हे तुम्ही एका टीव्ही मालिकेबद्दल लिहिलंय ना?"

मी म्हटलं, हो. थाई मालिका आहे. प्रेमकथा.

"मालिका मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण हे वर्णन मी पेशंटांकडून नेहमी ऐकते. याला सीझर म्हणतात."

सीझर म्हणजे फिट. मला हसूच आलं. मला फिट? फिट म्हणजे माणूस रस्त्यात कोसळतो, तोंडाला फेस येतो, कुणी कांदा आणायला धावतं, कुणी चप्पल हुंगवतं. मी तर आयुष्यात कधी साधी चक्कर येऊन पडले नव्हते. मी मंदारकडे, माझ्या नवऱ्याकडे, पाहिलं. वहीतल्या ओळी तोच त्यांना इंग्रजीत करून सांगत होता. तो हसत नव्हता. पुढची ओळ वाचायची सोडून तो नुसता वहीकडे बघत बसला होता.

बाईंनी नाव लिहून दिलं. टेम्पोरल लोब एपिलेप्सी. कानाच्या वरच्या बाजूला, आत, मेंदूचा एक भाग असतो. ओळख, आठवण, वास, भीती यांचं बरंचसं काम तिथे चालतं. माझ्या उजव्या बाजूला त्या भागात मधूनच विजेचा गोंधळ होत होता. पडायचं नाही, फेस नाही, काही नाही. शेजारी बसलेल्या माणसालाही कळत नाही. ज्याला होतं त्यालाही कळत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

म्हणून हे लिहायला बसले. कारण मला ते पाच महिने होत होतं, आणि पाच महिने मी त्याचं खापर त्या बिचाऱ्या मालिकेवर फोडत होते.

आम्ही बेस्ट नावाच्या एका डच गावात राहतो, आइंडहोव्हनच्या शेजारी. मंदार इंजिनिअर. मी त्याच्या मागे इथे आले, दोन वर्षं घरात बसून कंटाळले आणि मग शिवणयंत्र घेतलं. आता ब्लाउज, फॉल-पिको, लांडे करायचे पडदे, सगळं करते. आमची सई आठ वर्षांची. मुलं शाळेत गेली की मंगळवारी सकाळी दहाला आम्ही चौघीजणी अश्विनीताईंकडे जमतो आणि मालिका बघतो. अश्विनीताई आमच्यात थोरल्या, वीस वर्षांपासून इथे आहेत. त्यांचा नियम असा की भाग संपला की प्रत्येकीने एक गुण आणि एक दोष सांगायचा. सांगितल्याशिवाय चहा नाही. "नुसतं छान होतं म्हणायला तुम्ही काय लग्नाला आलायत?" असं त्या म्हणायच्या. आणि ते सगळं तारीखवार लिहून ठेवायचं काम माझ्याकडे, कारण मला लिहायची हौस आणि बोलायची त्याहून.

कोरियन झालं, तुर्की झालं, मग ही थाई मालिका लागली. नायिकेला कालव्याकाठचं एक जुनं लाकडी घर वारसाने मिळतं. तिथे राहायला गेल्यावर तिला चाफ्याचा वास येतो, जिन्यावर पावलं वाजतात, आणि शेजारचा नायक तिला मागच्या जन्मापासून ओळखत असतो. बाकी नेहमीचा मसाला. खोटं लग्न, कजाग आत्या, दर भागात एक सणसणीत थोबाडीत. आणि मधेच सगळे कामधाम सोडून कसलंसं क्रीम तोंडाला लावून आरशात बघतात, कारण त्या क्रीमवाल्यांनी पैसे दिलेले.

माझ्या वहीतल्या पहिल्या नोंदी अगदी शहाण्या आहेत. 'गुण: वडीलधाऱ्यांसमोर वाकण्यात, जेवायला वाढण्यात आपल्याकडचंच काहीतरी आहे. घराबाहेरच्या छोट्या देवळीत रोज फूल-पाणी ठेवतात तो प्रसंग सुंदर. दोष: नायक सारखा नायिकेचं मनगट धरून ओढत नेतो आणि मागे गोड संगीत. हे प्रेम नव्हे, ही दांडगाई.' अश्विनीताईंनी यावर मला दोन लाडू जास्त दिले होते.

चौथ्या भागानंतरची नोंद अशी: 'गुण: चाफ्याचा प्रसंग इतका जिवंत, की वास घरभर येतो.' फेब्रुवारीचा महिना, बाहेर गारठा, खिडक्या बंद, ताईंच्या स्वयंपाकघरात फक्त आलं किसलेलं. मी म्हटलं, तुम्हाला आला ना वास? तिघी म्हणाल्या, हो हो, किती छान दाखवलंय. त्या कौतुकाने म्हणत होत्या. मला खरंच आला होता. नाकात बसला होता, गोड आणि जरासा जळका.

सहाव्या भागाची नोंद: 'दोष: कथा फारच ठरावीक. सगळं आधीच माहीत असल्यासारखं वाटतं.' सातवा: 'दोष: तेच.' आठवा: 'हे मी पाहिलंय. शब्दन् शब्द पाहिलंय.' मी ताईंशी भांडलेसुद्धा. म्हटलं, ही चोरलेली कथा आहे, कुठल्या तरी जुन्या मालिकेवरून उचललीय. ताई म्हणाल्या, "मग सांग बघू, पुढे काय होणार?" मला सांगता येईना. पण नायिका वळली, दार उघडलं, की मी ओरडायचे, "हेच! हेच!" ताई म्हणाल्या, "वृषाली, झाल्यावर काय, मीही सांगेन." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझ्या पोटातून एक लाट वर छातीपर्यंत आली होती आणि हात गार पडले होते.

ही लाट लक्षात ठेवा. पोटातून वर चढणारी, उंच पाळणा खाली येताना होतं तशी. डॉक्टर तिला ऑरा म्हणतात, म्हणजे फिटची सुरुवात. मी तिला पित्त म्हणत होते.

हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे, मी त्या लाटेसाठी गेले होते. त्यांनी पोट तपासलं, झोप विचारली, ताण आहे का विचारलं, दोन आठवड्यांनी या म्हणाले. त्यांना दोष देत नाही. इथल्या डॉक्टरांच्या नावाने खडे फोडायची आपल्या लोकांना सवयच आहे, पण मी त्यांना सांगितलं तरी काय? पित्त. वास सांगितला नाही, ओळखीचं वाटतं ते सांगितलं नाही. डॉक्टरपुढे बसून मालिकेच्या गोष्टी कोण सांगतं?

मग ते मालिकेबाहेरही होऊ लागलं. आमच्याकडे रस्त्यावरून जाताना लोकांच्या बैठकीच्या खोल्या दिसतात, पडदे उघडेच असतात. एकदा दुपारी चालताना मला एका खिडकीत पाठमोरी बसलेली बाई दिसली, आणि मला पक्कं ठाऊक होतं, की त्या घराचा जिना कुठे आहे, कितवी पायरी वाजते, आणि ती बाई वळली तर तिचा चेहरा माझा असेल. मी तिथून पळाले. खरंच पळाले, दप्तर घेतलेल्या पोरीसारखी. घरी येऊन मंदारला सांगितलं, तर म्हणाला, "अगं, जरा कमी बघ त्या मालिका." मलाही ते पटलं. मला वाटलं, मालिका फारच चांगली आहे, डोक्यातून जात नाही.

अकराव्या भागाचं पान मी आजही एकटी असताना उघडत नाही. गुण-दोष नीट लिहिलेत. त्याखाली माझ्याच अक्षरात, पण मोठं आणि खाली घसरत गेलेलं: 'ती मागे उभी आहे. ती मागे उभी आहे. ती मागे उभी आहे.' हे लिहिल्याचं मला आठवत नाही. ताईंना नंतर विचारलं, तो प्रसंग कुठला? ताई म्हणाल्या, त्या भागात नायिकेच्या मागे कुणी उभं राहतच नाही. तो अख्खा भाग बाजारात घडतो.

कालव्याचं सांगते आता. ते सांगायचं म्हणून इतकं बोलतेय.

बुधवारी सईची शाळा दुपारी लवकर सुटते. आम्ही दोघी आपापल्या सायकलींवर घरी येत होतो, ती पुढे, मी मागे. चाफ्याचा वास आला, इतकं आठवतं. त्यानंतर मी गवतात उभी होते. माझी सायकल आडवी पडली होती, समोर दोन पावलांवर कालव्याचं पाणी होतं आणि माझ्या मुठीत सईचं मनगट होतं. ती रडत नव्हती. एकटक माझ्याकडे बघत होती. मी हात सोडला तर मनगटावर माझी चारही बोटं उमटलेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"You didn't turn," ती म्हणाली. "आई, you just kept going."

आमचं वळण अर्धा किलोमीटर मागे राहिलं होतं. मी सरळ पेडल मारत आले होते, मधला रस्ता ओलांडून. ती ओरडत माझ्यामागे आली होती. आणखी काय झालं ते सांगायला ती तयार नव्हती. "Nothing," एवढंच. त्या दिवसापासून रस्ता ओलांडताना ती हात जाकिटाच्या खिशात ठेवू लागली. मी हात पुढे केला की म्हणायची, "I can do it." मी आई आहे तिची. तिला माझी भीती वाटत होती, आणि मला माझी.

मंदारने त्याच दिवशी फोन केला. हाउसआर्ट्सनी सगळं ऐकून लगेच न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली. हे कधीपासून होतंय ते तारखांसकट लिहून आणा, असा निरोप आला. मी म्हटलं, मी काय तारखा ठेवते की काय? मंदार म्हणाला, "तुझ्या वहीत प्रत्येक मंगळवार आहे." म्हणून ती वही हॉस्पिटलात गेली.

तपासण्यांचं थोडं सांगते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. ईईजी म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात. दुखत नाही, फक्त नंतर केसांतला चिकटा जाता जात नाही. त्यांनी आदल्या रात्री कमी झोपून यायला सांगितलं होतं, कारण थकलेल्या मेंदूत गोंधळ लवकर पकडता येतो. एमआरआय म्हणजे मोठ्या आवाजाचं यंत्र, त्यात अर्धा तास हलायचं नाही. आत पडल्या पडल्या मला वाटलं, पायाशी कुणीतरी उभं आहे. हातात घंटीचा रबरी फुगा दिला होता, तो दाबायचा धीर झाला नाही. दाबला आणि त्यांनी येऊन विचारलं, कोण उभं आहे, तर काय सांगू?

वेटिंग रूममध्ये माणसं फार शांत बसतात इथे. कुणी कुणाला तुम्हाला काय झालंय म्हणून विचारत नाही. मला त्या वेळी कुणीतरी विचारायला हवं होतं. आपल्याकडच्या दवाखान्यातल्या आगाऊ मावश्यांची मला पहिल्यांदा आठवण आली.

एमआरआयमध्ये कॅव्हर्नोमा निघाला, म्हणजे रक्तवाहिन्यांचा छोटासा गुंता. बाई म्हणाल्या, तुतीएवढा समजा, बहुधा जन्मापासूनच आहे. सध्या गोळ्या, त्यांनी थांबलं नाही तर ऑपरेशनचा विचार. गोळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आपल्याकडे नाव वाचून लोक दुकानात जातात. सायकल बंद. पोहणं बंद. शिवणयंत्रावर कुणी घरात असेल तरच बसायचं.

मी त्यांना विचारलं, "मग मला आधीच सगळं माहीत असायचं ते?"

"तुम्हाला माहीत नसायचं," त्या म्हणाल्या. "मेंदू समोरच्या नव्या गोष्टीवर ओळखीचा शिक्का मारायचा. शिक्का खोटा, पण खात्री खरी वाटते."

"आणि मागे उभी असलेली?"

"तेही सीझरमध्ये होतं. कुणीतरी जवळ आहे, अशी जाणीव."

"पण ती बाईच होती, हे मला कसं कळलं?"

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण त्या उत्तराने त्या दिवशी माझी झोप उडाली, हेही खरं.

पहिले काही आठवडे गोळीने मी नुसती फणफणत होते. भांडी आपटायची, मंदारच्या अंगावर जायची. तो म्हणायचा, "ही गोळी की तू?" मी म्हणायचे, "दोघी!" मग डोस बदलला. लाट आधी आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा, मग नाही. वासही गेला.

अश्विनीताईंनी मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली, माझ्यासाठी. "आता खरं परीक्षण कर," म्हणाल्या. तर ऐका. मालिका मध्यम आहे. निम्मे भाग कापले तरी चालतील. आत्या किंचाळते तेव्हा आवाज बंद करावा लागतो. चाफ्याच्या प्रसंगात प्लॅस्टिकची फुलं आहेत, स्पष्ट दिसतात, आणि कसलाही वास येत नाही. मला रडू आलं. एवढ्या मोठ्या आजारातून सुटले आणि त्या वासासाठी रडले, वेडी नाही तर काय! पण त्या पाच महिन्यांत मला त्या घरात राहिल्यासारखं वाटलं होतं आणि आता मी सोफ्यावर बसलेली बाई होते. गुण मात्र एक नवा सापडला. नायिकेची आई तिला ओळखेनाशी होते, तरी मुलगी रोज ताट वाढून तिच्यासमोर बसते. एक शब्द बोलत नाही. पहिल्या वेळी हा प्रसंग मी पाहिला होता म्हणे. वहीत त्याची नोंदच नाही.

तुमच्यापैकी कुणाला असं काही होत असेल, भलताच वास, विनाकारण दाटून येणारी ओळख, पोटातली लाट, मधली काही मिनिटं गायब, तर लाजू नका. मूर्खपणाचं वाटलं तरी डॉक्टरांना सगळं सांगा, मालिकेसकट. आणि कुणी आपल्यासमोर असं हरवलं तर कांदा नको, चप्पल नको, तोंडात काही घालू नका. पाणी, रस्ता, शेगडी यांपासून हळूच बाजूला घ्या, किती वेळ चाललंय ते बघा आणि शांतपणे जवळ थांबा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा. माझ्याजवळ आठ वर्षांची मुलगी थांबली होती. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

गेल्या महिन्यात बाईंनी सायकलला परवानगी दिली. मी सईला सांगितलं, तू माझ्याबरोबर नाही आलीस तरी चालेल, मी समजू शकते. ती चित्र काढत होती. सईला मराठी सगळं कळतं, बोलत मात्र नाही. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, चिडली तर डचमध्ये. तिला पहिला शब्द फुटला तेव्हापासून आमचं असंच चाललंय. मी पुष्कळ रागावून पाहिलं, मग सोडून दिलं.

चित्रातून मान वर न करता तिने कालव्याचं सांगितलं. थोडं इंग्रजी, थोडं डच, मी सांगते माझ्या भाषेत. मी सायकल टाकून पाण्याकडे चालत गेले. ती आडवी उभी राहिली. मी थांबले, तिच्याकडे वाकून पाहिलं आणि खूप गोड आवाजात विचारलं, "बाळ, तू कुणाची?"

बाईंनी सांगितलं होतं, बोलण्याचं काम बहुधा डाव्या बाजूला चालतं आणि तुमचा त्रास उजव्या बाजूचा आहे, म्हणून सीझर चालू असतानाही तुम्ही बोलू शकता. काय बोलले असेन, हे विचारायची हिंमत मला झाली नव्हती.

"मग?" मी म्हटलं.

"I said I'm Sai. I said it three times. I said I'm your daughter. You just smiled, like to other people's kids." तिने रंग बदलला. "मग मी मराठीत सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"तुझी," सई म्हणाली. "आणि मग तू माझा हात धरलास. खूप घट्ट. आणि सोडलाच नाहीस."